जुना संगणक, हलके लिनक्स आणि सोलापूरच्या चार भाषा

मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचा नियमित सुरक्षा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सवलत देण्यात आली. पण ती मुदतवाढच. पुढच्या विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आणि साधारणपणे २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. शाळांचे संगणक कक्ष, झेरॉक्सची दुकाने, पतसंस्था, वकिलांची कार्यालये अशा ठिकाणी वर्षानुवर्षे इमानाने चालत आलेले कोअर टू ड्युओ किंवा सुरुवातीच्या पिढ्यांतील आय-३ संगणक या अटींत बसत नाहीत. ते भंगारात काढायचे नसतील, तर हलक्या लिनक्सचा मार्ग उरतो.

लिनक्स हे एकच एक उत्पादन नव्हे. गाभा सर्वांचा एक असतो. त्याभोवती डेस्कटॉप, ब्राउझर, लेखनाची आज्ञावली, फॉन्ट अशी सामग्री जमवून जे तयार होते त्याला वितरण किंवा रूढ भाषेत डिस्ट्रो म्हणतात. लुबंटू, झुबंटू, पपी, अँटीएक्स, एमएक्स, लिनक्स लाइट ही हलक्या वर्गातील परिचित नावे. संगणक प्रथम सुरू केल्यावर, वापरकर्त्याने काहीही न बदलता, समोर जी मांडणी येते ती त्या वितरणाची डिफॉल्ट निवड. तत्त्वतः लिनक्समध्ये सारे काही बदलता येते. व्यवहारात मात्र संगणक कक्षाची जबाबदारी सांभाळणारे शिक्षक किंवा दुकानात बसणारा मुलगा यांपैकी कोणी ते बदलायला जात नाही. जे दिसले तेच लिनक्स, अशी त्यांची समजूत होते आणि पहिल्याच दिवशी मराठीऐवजी चौकोन दिसले, तर दुसऱ्या दिवशी विंडोजची जुनी, असुरक्षित प्रत परत येते.

रॅमचा ताळेबंद

हलकेपणा मोजायचा तो रॅमवर. एलएक्सक्यूटी किंवा एक्सएफसीई हे डेस्कटॉप सुरू झाल्यावर, काहीही न उघडता, साधारण ४०० ते ६०० एमबी रॅम खर्ची पडते. गनोमसारखा भारदस्त डेस्कटॉप १ जीबीच्या घरात जातो. २ जीबी रॅमच्या संगणकावर हा फरक मोठा आहे. परंतु निर्णायक नाही. कारण फायरफॉक्स किंवा क्रोमियम उघडून बँकेचे एखादे पान, एखादे सरकारी संकेतस्थळ आणि ईमेल अशी तीन पाने लावली की ब्राउझर एकटाच १ जीबीच्या आसपास पोहोचतो. डेस्कटॉपमध्ये वाचवलेले दोनशे एमबी एका पानात विरघळतात. वितरणकर्ते ज्या गोष्टीवर सर्वाधिक वाद घालतात, ती म्हणजे फाइल मॅनेजर कोणता आणि टेक्स्ट एडिटर कोणता. प्रत्यक्ष वजनाच्या दृष्टीने तो वाद बराचसा गौण आहे.

गौण नाही तो दुसरा मुद्दा. लिनक्सवरील बहुतेक आज्ञावल्या जीटीके किंवा क्यूटी या दोनपैकी एका बांधणीसंचावर उभ्या असतात. खिडक्या, बटणे, मेनू काढण्याचे काम हा संच करतो. जीटीकेवरचा डेस्कटॉप आणि त्यावर क्यूटीवरच्या चार आज्ञावल्या असे मिश्रण केले, की दोन्ही संच स्मृतीत भरावे लागतात. शिवाय एका खिडकीचे रूप एक आणि दुसरीचे भलतेच. म्हणून हलक्या वितरणात शक्य तितक्या आज्ञावल्या एकाच घराण्यातून घ्याव्यात, हा जुना संकेत आजही खरा आहे.

या बाबतीत लुबंटूचा प्रवास बोलका आहे. तैवानच्या हाँग जेन यी यांनी २००६ मध्ये सुरू केलेला एलएक्सडीई हा डेस्कटॉप घेऊन लुबंटू २०१० मध्ये अवतरले आणि २०११ मध्ये उबंटू परिवारात अधिकृतपणे दाखल झाले. त्यात लिबरऑफिस नव्हते. लेखनाला अबीवर्ड, हिशेबाला न्यूमेरिक, टिपणांना लीफपॅड असा आटोपशीर संसार होता. ब्राउझर आधी क्रोमियम, २०१३ पासून फायरफॉक्स. पुढे जीटीकेची तिसरी आवृत्ती जड वाटल्याने यी यांनीच क्यूटीकडे मोर्चा वळवला आणि रेझर-क्यूटी या प्रकल्पाशी मिळून एलएक्सक्यूटी तयार झाले. लुबंटूने ऑक्टोबर २०१८ मध्ये एलएक्सक्यूटी स्वीकारले आणि त्याच वेळी अबीवर्ड व न्यूमेरिक यांना निरोप देऊन लिबरऑफिस आणले. त्याच वर्षी, यापुढे जुने संगणक हेच आपले मुख्य लक्ष्य राहणार नाही आणि किमान रॅमचा आकडाही दिला जाणार नाही, असे प्रकल्पाने जाहीर केले. यावर नाराजी झाली. पण निर्णय अवास्तव नव्हता. कचेरीतून आलेली डॉक्स फाइल अबीवर्डमध्ये उघडताना तक्ते विस्कटत असतील, तर हलकेपणाचा उपयोग कोणाला? सोलापुरातील शाळेसाठीही हाच कौल द्यावा लागेल. शिक्षण खात्याची परिपत्रके आणि तक्ते वर्ड-एक्सेलच्या स्वरूपातच फिरतात. लिबरऑफिस उघडायला वेळ घेईल, पण मजकूर जागच्या जागी ठेवेल.

एक गोष्ट मात्र उबंटू परिवारातून घेताना तपासावी. २०२२ च्या एप्रिलमधील आवृत्तीपासून या परिवारात फायरफॉक्स स्नॅप या बंदिस्त पॅकेजातून दिला जातो. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर तो पहिल्यांदा उघडताना बराच वेळ घेतो. लिनक्स मिंटने स्नॅपला २०२० पासूनच डिफॉल्टमधून बाहेर ठेवले आहे. आणि ज्यांना थोडा खर्च परवडतो त्यांनी, कोणतीही थीम बदलण्याआधी, फिरत्या डिस्कच्या जागी छोटी एसएसडी बसवावी. तेवढा वेग कोणत्याही वितरणाने दिलेला नाही.

थीमवरून झालेली भांडणे

बाहेरच्याला थीम म्हणजे रंगरंगोटी वाटते. या जगात त्यावरून राजीनामे पडले आहेत. सप्टेंबर २००२ मध्ये रेड हॅट लिनक्स ८.० मध्ये ब्लूकर्व्ह ही थीम आली. गनोम आणि केडीई या दोन प्रतिस्पर्धी डेस्कटॉपना तिने एकच चेहरा दिला. केडीईच्या समर्थकांना हा आपल्या ओळखीवरचा घाला वाटला आणि रेड हॅटमधील केडीईचे एक प्रमुख विकासक नोकरी सोडून गेले. २०१० मध्ये उबंटूने तपकिरी रंग टाकून जांभळा घेतला, ते फारसे कोणाला खटकले नाही. परंतु खिडकी बंद करण्याची बटणे उजवीकडून डावीकडे नेली आणि गदारोळ माजला. ती परत उजवीकडे यायला २०१७ उजाडले. रंगापेक्षा हाताची सवय महत्त्वाची, एवढे या प्रकरणातून दिसून आले.

महाराष्ट्रात ही सवय कोठे लागते हे सर्वज्ञात आहे. एमकेसीएलचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम २००१ मध्ये सुरू झाला आणि शासकीय नोकरीच्या अर्जात त्याचे प्रमाणपत्र मागितले जाऊ लागले. त्यामुळे एका पिढीचा संगणकाशी परिचय विंडोज आणि एमएस ऑफिस यांमधूनच झाला. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ, डबल क्लिकने फाइल उघडणे, ही मांडणी हलक्या लिनक्सने डिफॉल्ट म्हणून ठेवावी, यात कमीपणा नाही. चिन्हेही तीच चोरावीत, असे मात्र नाही. नावातच विंडोजची नक्कल करणाऱ्या लिंडोज या वितरणावर मायक्रोसॉफ्टने २००१ मध्ये दावा लावला होता. २००४ मध्ये तडजोड होऊन कंपनीने नाव बदलून लिन्स्पायर केले. त्यापोटी मायक्रोसॉफ्टनेच तिला दोन कोटी डॉलर दिले, हा त्यातील गमतीचा भाग.

हलक्या वितरणात थीमची खरी कसोटी तीन ठिकाणी लागते. पारदर्शक पट्ट्या, सावल्या, सरकते मेनू हे काम ग्राफिक्स चिपवर पडते आणि जुन्या अंतर्गत चिपना ते झेपत नाही. एक्सएफसीईमध्ये हा भाग एका खुणेने बंद करता येतो, तो बंदच ठेवून द्यावा. काळी थीम नव्या मोबाइलवर छान दिसते. दहा-बारा वर्षे वापरलेल्या, उजेड मंदावलेल्या मॉनिटरवर, खिडकीतून सोलापूरचे ऊन येत असताना, तिच्यातील करडी अक्षरे वाचता येत नाहीत. तिसरी कसोटी देवनागरीची आहे आणि ती बहुतेक थीमकारांच्या ध्यानीमनीही नसते. रोमन अक्षरांच्या मापाने आखलेल्या अरुंद मेनूत रफार, वेलांटी, अनुस्वार वरून आणि उकार खालून कापले जातात. ‘कीर्तीं’ आणि ‘कीर्ती’ यांत मग फरक उरत नाही. फॉन्टचा आकार ९ ऐवजी ११ ठेवला आणि ओळींची उंची मोकळी असलेली थीम घेतली, की हा दोष जातो. चिन्हांचा संच मध्यम आकाराचा घ्यावा. हजारो चिन्हांचे देखणे संच डिस्कवर जागा अडवण्यापलीकडे येथे काही करत नाहीत.

सर्व खिडक्यांना एक रूप देणे आता पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही, हेही खरे. गनोमच्या नव्या आज्ञावल्या लिबअद्वैता या संचावर चालतात आणि वितरणाने दिलेली थीम जुमानत नाहीत. नाव अद्वैताचे, वागणे मात्र शेजाऱ्यांहून वेगळे. हलक्या वितरणाने त्यांच्याऐवजी एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटीच्या आज्ञावल्या घेणे बरे.

दर्या आणि दऱ्या

फॉन्टच्या बाबतीत काटकसर करणारी वितरणे पुष्कळदा डेजाव्हू हा एकच फॉन्ट ठेवतात. तो चांगला आहे, परंतु त्यात देवनागरी नाही. परिणामी मराठी मजकुराच्या जागी रिकामे चौकोन उमटतात. वाचवलेली जागा किती? नोटो किंवा लोहित या कुटुंबातील देवनागरी फॉन्टचे वजन एमबीपेक्षा कमी असते. एका वॉलपेपरपेक्षाही ते बहुधा हलके. लोहित हे फॉन्ट रेड हॅटने २००४ पासून मुक्त परवान्याखाली दिले, कंपनीच्या पुणे केंद्रातील अभियंत्यांनी ते पुढे जोपासले आणि २०११ मध्ये त्यांचा परवाना अधिक मोकळा झाला. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्ता हाही मुक्त परवान्याचा फॉन्ट असून पडद्यावर स्वच्छ दिसतो.

चौकोन गेले म्हणजे मराठी आली, असे नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे दरीचे अनेकवचन. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत तर गुरू आणि स्वयंपाकी इतके अंतर. दुसऱ्या रूपासाठी युनिकोडमध्ये नुक्ता असलेला ‘ऱ’ आहे. फॉन्ट आणि कळफलक या दोहोंना तो ठाऊक हवा. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले, त्यामुळे त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते मिळत नाही. मराठी वळणाचे ल आणि श हा आणखी एक प्रकार. चांगल्या फॉन्टमध्ये हिंदी आणि मराठी दोन्ही वळणे असतात. कोणते दाखवायचे हे मजकुराची किंवा प्रणालीची भाषा पाहून ठरते. वितरणकर्त्याने प्रणालीची भाषा ‘मराठी (भारत)’ ठेवण्याऐवजी सरसकट इंग्रजी किंवा हिंदी ठेवली, तर फॉन्टमध्ये असूनही मराठी ल-श दिसत नाहीत.

मेनू मराठीत असावेत का, याचे उत्तर भाषाभिमानाने देऊ नये. भाषांतर पूर्ण असेल तर जरूर असावेत. फायरफॉक्स आणि लिबरऑफिस मराठीत मिळतात. परंतु अर्धे शब्द मराठी, अर्धे इंग्रजी असा मेनू शिकणाऱ्याला सर्वांत अवघड जातो. शब्दांमध्ये एकवाक्यता यावी म्हणून रेड हॅटच्या पुणे केंद्रातून २००८ मध्ये फ्युएल हा प्रकल्प सुरू झाला, त्यात वारंवार येणाऱ्या संज्ञांच्या याद्या भाषावार ठरवल्या गेल्या. ‘फाइल’ला ‘संचिका’ म्हणायचे की ‘फाइल’च, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण रोज त्याच शब्दावर टिचकी मारणाऱ्या कारकुनाला तो किरकोळ नसतो.

पाचवा कळफलक

सोलापूरची खरी अडचण येथून पुढे सुरू होते. जिल्ह्याची सीमा कर्नाटकाला भिडलेली. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर भागात घरोघरी कन्नड. शहराच्या पूर्व भागात पद्मशाली विणकर समाजाची तेलुगू. उर्दू बोलणाऱ्यांची वस्ती मोठी. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चारही माध्यमांच्या शाळा या एका शहरात आहेत. तेव्हा सोलापूरसाठी हलके लिनक्स बांधायचे तर चार लिप्या आणि वर इंग्रजी असे पाच कळफलक हवेत.

लिनक्सच्या एक्स या खिडकी-व्यवस्थेत कळफलक बदलण्याची सोय मुळातच असते. तिला वेगळी आज्ञावली लागत नाही, रॅमही जवळजवळ लागत नाही. म्हणून हलकी वितरणे तिच्यावरच भिस्त ठेवतात. पण तिच्यात एका वेळी जास्तीत जास्त चारच कळफलक ठेवता येतात. इंग्रजी, मराठी, कन्नड, तेलुगू अशी चौकडी पूर्ण झाली की उर्दू दाराबाहेर राहते. उर्दू आत घेतली तर दुसरे कोणी बाहेर जाते. ही मर्यादा कोणी आकसाने घातलेली नाही. आरेखन करणाऱ्यांना चार भरपूर वाटले असावेत.

मार्ग दोन आहेत. आयबस किंवा एफसीआयटीएक्स ही इनपुट व्यवस्था डिफॉल्टमध्ये घेतली, तर चारची मर्यादा संपते. तिच्यासोबत एम१७एन हा संग्रह बसवला की मराठीसाठी इनस्क्रिप्टखेरीज फोनेटिक, गमभन, मिंग्लिश आणि टंकलेखन यंत्रावर हात बसलेल्यांसाठी रेमिंग्टन अशा पद्धती मिळतात. मोल म्हणजे काही दहा एमबी रॅम. दुसरा मार्ग काटकसरीचा: एकाच संगणकावर माध्यमानुसार वेगवेगळी खाती ठेवायची आणि प्रत्येक खात्याला इंग्रजीसह त्या माध्यमाला लागणारे कळफलक द्यायचे. सकाळी उर्दू माध्यमाचा आणि दुपारी मराठी माध्यमाचा वर्ग भरत असेल, तर दुसरा मार्ग पुरेसा आहे. झेरॉक्सच्या दुकानात मात्र समोर कोणता गिऱ्हाईक येईल याचा नेम नाही. तेथे आयबसच हवे. दोनशे एमबीच्या डेस्कटॉप-बचतीतून तेवढे देणे परवडते.

इनस्क्रिप्टची आणखी एक बाजू सोलापूरकरांच्या उपयोगाची आहे. १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट असलेल्या या कळफलकात भारतीय लिप्यांसाठी एकच आराखडा आहे. मराठी ‘क’ जेथे, तेथेच कन्नड आणि तेलुगू ‘क’. मराठीत हात बसलेली व्यक्ती, लिपी येत असल्यास, कन्नड मजकूर वेगळे शिक्षण न घेता टाइप करू शकते. उर्दू या आराखड्यात सहज बसत नाही. तिच्यासाठी ध्वनीवर आधारित स्वतंत्र कळफलक ठेवावा लागतो.

थीमचा प्रश्न येथे पुन्हा डोके वर काढतो. पट्टीवर चालू कळफलक दाखवायला अनेक डेस्कटॉप देशाचा झेंडा वापरतात. मराठी, कन्नड, तेलुगू, भारतीय उर्दू या सर्वांना तिरंगाच. कोणती भाषा चालू आहे ते कळण्याचा मार्ग एकच उरतो, अक्षर उमटवून पाहणे. झेंडा काढून भाषेचे नाव दाखवणे ही छोटीशी दुरुस्ती डिफॉल्टमध्येच करून ठेवावी. कन्नड आणि तेलुगूत जोडाक्षरातील दुसरे व्यंजन खाली लोंबते, त्यामुळे अरुंद मेनू देवनागरीपेक्षाही त्यांना अधिक जाचतो. उर्दूची नस्तालिक लिपी तर उजवीकडून डावीकडे उतरत जाते आणि तिला उभी जागा आणखी लागते. साध्या नस्ख वळणात उर्दू बसवणे सोपे असले, तरी उर्दू वाचणाऱ्याला ते परके वाटते. नोटो नस्तालिक उर्दू हा मुक्त फॉन्ट उपलब्ध असताना त्या तडजोडीची गरज नाही.

छापखाना आणि जुने फॉन्ट

बाकी आज्ञावल्यांत फार वेळ घालवू नये. व्हीएलसी, एक साधा पीडीएफ वाचक, एक चित्रदर्शक, लहान मुलांसाठी जीकॉम्प्री, गणितासाठी जिओजेब्रा, काम भागते. केरळने शाळांमध्ये २००१ पासून आयटी ॲट स्कूल आणि नंतर काइट या संस्थेमार्फत असाच एक ठरावीक संच राज्यभर चालवला. तेथे शिक्षकांचे प्रशिक्षण, पाठ्यपुस्तक आणि संगणकातील संच यांची सांगड होती, यशाचे कारण वॉलपेपर नव्हता.

मात्र प्रिंटर तपासल्याशिवाय डिस्ट्रो ठरवू नये. झेरॉक्सच्या दुकानांत घट्ट बसलेला कॅननचा एलबीपी २९०० हा लेझर प्रिंटर लिनक्सवर आपोआप चालत नाही. त्याला कंपनीचा स्वतंत्र ड्रायव्हर बसवावा लागतो आणि तो बसवणे किचकट आहे. एचपीच्या १०२० ला एचपीलिपचे जादा प्लगइन लागते. दुसरा अडसर जुन्या मजकुराचा. श्रीलिपी, आकृती यांसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये केलेल्या लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका, अहवाल लिनक्सवर उघडल्यास अगम्य रोमन अक्षरे दिसतात. ते आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावेत. ज्या डीटीपी चालकाचे सारे पोट त्या फॉन्टवर आहे, किंवा ज्या व्यापाऱ्याचे हिशेब टॅलीवर आहेत, त्याला हलके लिनक्स सुचवणे हा आगाऊपणा ठरेल.

सुरक्षेच्या डिफॉल्टकडेही पाहावे. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये सुरू केलेले पपी लिनक्स संपूर्ण रॅममध्ये चालते आणि फारच चपळ असते. मात्र त्यात वापरकर्ता डिफॉल्टने थेट रूट, म्हणजे सर्वाधिकारी असतो. एकट्याच्या संगणकावर ते चालेल, तीस मुलांच्या वर्गात नव्हे. आणि ३२ बिटी प्रोसेसरच्या अतिजुन्या संगणकांची मुदत बहुतेक संपली आहे. लुबंटूने ती आवृत्ती २०१९ मध्ये बंद केली, ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने तिचा इन्स्टॉलर काढला आणि मोझिलाने ३२ बिटी लिनक्सवरील फायरफॉक्सचा आधार २०२६ मध्ये संपवण्याचे जाहीर केले. कोअर टू ड्युओ ६४ बिटी असल्याने त्याला ही अडचण नाही.

निवड पक्की झाल्यावर ती प्रत्येक संगणकावर हाताने उतरवण्याची गरज नसते. एका संगणकावर सारे मनासारखे लावून घ्यावे. त्यातील मांडणीच्या फाइली प्रणालीच्या ‘स्केल’ या फोल्डरात ठेवल्या, की नव्याने उघडलेल्या प्रत्येक खात्याला तीच मांडणी मिळते. स्केल म्हणजे स्केलेटन, सांगाडा. एमएक्स आणि अँटीएक्समध्ये स्नॅपशॉट ही सोय आहे. ती त्या तयार संगणकाची पूर्ण प्रत आयएसओ फाइलच्या रूपात काढून देते. ती पेनड्राइव्हवर घेऊन आधी एकाच संगणकावर, डिस्कला हात न लावता, चालवून पाहता येते: एक अर्ज मराठीत टाइप करावा, एक कन्नडमध्ये, एक तेलुगूत, एक उर्दूत, आणि चारही छापून पाहावेत.